डॉक्टर, जरा इकडे बघता का?

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो, की माझ्या दवाखान्यात कॉम्प्युटर आहे पण केस पेपर मी अजून हातानंच लिहितो. त्यावर एवढे मेसेज आलेत की यावेळी ताप-खोकला, गुडघे, ॲसिडिटी सगळं बाजूला ठेवतोय. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नका, पुढच्या महिन्यात घेतो. काही प्रश्न खूप लांब होते, ते थोडे छाटलेत.

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ७१ वर्षांची आहे, शुगर आणि बीपी दोन्ही. आतापर्यंत गावातल्या डॉक्टरांकडे जायची, यंदा पुण्याला माझ्याकडे आली म्हणून मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. मॅडम हुशार असणार यात शंका नाही, पण पंधरा मिनिटांत त्यांनी आईकडे दोनदा बघितलं असेल, बाकी सगळा वेळ टाइपिंग. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "त्यांनी माझा हातसुद्धा हातात घेतला नाही रे." याला काय म्हणायचं? (एक मुलगा, कोथरूड)

उत्तर: आईंना नमस्कार सांगा, आणि त्यांचं बरोबर आहे हेही सांगा. पण त्या मॅडमवर फार चिडू नका, कारण हे टाइपिंग त्यांनी हौसेनं घेतलेलं नसतं. अमेरिकेत २००९ साली कायदा करून सरकारनं दवाखान्यांचे रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायला भरपूर पैसा ओतला आणि काही वर्षांत तिथली बहुतेक हॉस्पिटलं कागदावरून स्क्रीनवर गेली. मग २०१२ साली तिथल्या मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एका सात वर्षांच्या मुलीनं काढलेलं चित्र छापून आलं. डॉक्टरांकडे गेल्याचं चित्र. मुलगी टेबलावर बसलेली, बहीण शेजारी, आई कडेवर बाळ घेऊन, आणि डॉक्टर? डॉक्टर कोपऱ्यात, पाठ करून, कॉम्प्युटरवर बोटं चालवतायत. पोरीनं तक्रार म्हणून नव्हतं काढलं, जे दिसलं ते काढलं.

२०१६ मध्ये तिकडेच ५७ डॉक्टरांच्या मागे घड्याळ लावून माणसं बसवली, तेव्हा कळलं की पेशंटसोबतच्या प्रत्येक एका तासामागे जवळपास दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलाच्या कामात जातात, वर रात्री घरी जाऊन अजून एक-दोन तास. त्या रात्रीच्या कामाला तिकडचे डॉक्टर 'पायजमा टाइम' म्हणतात. आणि हे सगळं टाइपिंग आजारासाठी असतं असंही नाही, त्यातलं बरंचसं बिलासाठी आणि इन्शुरन्ससाठी. आपल्याकडे मोठ्या हॉस्पिटलात तेच सुरू झालंय, कॅशलेस म्हटलं की टीपीएवाले, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणारे, प्रत्येक ओळ मागतात, ऑडिट असतं, आणि न लिहिलेलं काम झालंच नाही असं धरतात.

तुम्ही पुढच्या वेळी एक करा. आत गेल्या गेल्या म्हणा, "मॅडम, आधी दोन मिनिटं आईचं ऐकून घेता का, मग लिहा." बहुतेक डॉक्टर ओशाळून हात थांबवतात, मी स्वतः थांबवलेत. आणि आईंच्या तीन तक्रारी आणि चालू गोळ्या एका चिठ्ठीवर लिहून न्या, म्हणजे टाइप करायचं ते त्यावरून होईल आणि डोळे आईंसाठी मोकळे राहतील.

प्रश्न: नमस्कार सर, मी सांगलीचा, सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोघा मित्रांनी मिळून क्लिनिकसाठी ॲप बनवलं. पेशंटची हिस्ट्री, प्रिस्क्रिप्शन, बिल, सगळं त्यात. सहा महिने फुकट द्यायची तयारी. ४० डॉक्टरांना दाखवलं, सगळे म्हणाले "छान आहे", वापरतायत तिघंच. एवढे शिकलेले लोक टेक्नॉलॉजीला घाबरतात कसे?

उत्तर: घाबरत नाहीत हो. ज्यांनी तुम्हाला चहा पाजून "छान आहे" म्हणून परत पाठवलं, तेच डॉक्टर रात्री दोन वाजता छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढून, मोबाइलवर फोटो मारून, कोल्हापूरच्या हार्टच्या डॉक्टरला व्हॉट्सॲप करतात आणि त्याचा फोन येईपर्यंत इकडे ॲम्ब्युलन्सची सोय करतात. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, परिपत्रक निघालं नाही, ट्रेनिंग झालं नाही. तालुक्याच्या गावात रात्री दोनला मी एकटा असायचो आणि व्हॉट्सॲप आल्यावर एकटा राहिलो नाही, एवढंच कारण. आता तुमच्या ॲपनं माझं काय हलकं होतं ते सांगा. टाइप मी करायचं, वेळ माझा जायचा, आणि छान छान ग्राफ दिसणार तुम्हाला.

माझीच गोष्ट सांगतो. २०११ साली मी असंच एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, पैसे मोजून. पोरगा इन्स्टॉल करून गेला, डेमोत सगळं लोण्यासारखं चाललं. सोमवार आमचा बाजाराचा दिवस, नव्वद पेशंट. प्रत्येकामागे दोन मिनिटं जास्त लागायला लागली, तुम्ही हिशोबात हुशार आहात, नव्वद गुणिले दोन म्हणजे तीन तास. बाहेर बाकड्यावरून आवाज, "डॉक्टर, एसटी जाईल हो." त्यात लाइट गेली. आणि खरी गंमत पुढेच. माझा पेशंट येऊन काय सांगतो? "अंगात कणकण हाय", "पोटात गुबारा धरलाय", "हातापायात मुंग्या", "पाठीत चमक भरली". सॉफ्टवेअरमध्ये मात्र फक्त ताप आहे की नाही, दुखतं की नाही, आणि दुखत असेल तर एक ते दहामध्ये किती. आमच्या म्हातारीला विचारलं एक ते दहामध्ये किती दुखतं, ती म्हणाली, "दहाच्या वर न्हाईत का?" 'कणकण' या शब्दात मला जे कळतं ते त्या चौकोनात बसेना. चार महिने रेटलं. मग कंपनीचा फोन लागायचा बंद झाला, अपडेट थांबलं आणि एक दिवस प्रोग्राम उघडेचना. चार महिन्यांची हिस्ट्री आत अडकली ती अडकलीच. कागदाच्या केस पेपरला वाळवी लागते हे मान्य, पण वाळवी तरी थोडं थोडं खाते.

मोठ्या हॉस्पिटलांचंही असं झालंय, फक्त पैसा मोठा. लॉस एंजेलिसचं सीडर्स-सायनाय घ्या, त्यांनी औषधांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर द्यायची सिस्टिम आणली, ३ कोटी ४० लाख डॉलरची, आणि शेकडो डॉक्टर एवढे चिडले की २००३ च्या जानेवारीत ती काही महिन्यांतच बंद ठेवावी लागली. बातमी सगळीकडे गेली 'डॉक्टरांचं बंड' म्हणून, पण चूक बंड करणाऱ्यांची एकट्याची नव्हती.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे, ते तुमच्या दोन्ही मित्रांना वाचून दाखवा. पिट्सबर्गच्या मुलांच्या हॉस्पिटलात २००२ मध्ये अशीच ऑर्डर सिस्टिम आली. बाहेरून हलवून आणलेल्या आजारी मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण आधी २.८० टक्के होतं, सिस्टिम आल्यानंतरच्या काही महिन्यांत ६.५७ टक्के झालं, २००५ साली तिथल्याच डॉक्टरांनी हे छापून सांगितलं. कारण? आधी पोरगं ॲम्ब्युलन्समध्ये असतानाच इकडे औषधं काढून ठेवायचे. नव्या सिस्टिममध्ये पेशंट दारात येऊन रजिस्टर झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येईना, औषधं वॉर्डातून हलवून मेन फार्मसीत गेली, आणि एक माणूस पोराजवळ थांबायच्या ऐवजी कीबोर्डपाशी बसला. आता पुढचं ऐका. सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलात तेच सॉफ्टवेअर बसवलं, पण ऑर्डरचे तयार संच आधी करून ठेवले, तिथल्या डॉक्टर-नर्सना सोबत घेऊन पद्धत बसवली, तिथं मृत्यू वाढले नाहीत. सॉफ्टवेअर तेच बरं का.

आणि हो, एक कारण आमच्यातले लोक तुम्हाला चहा पिताना सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. दिवसाला किती पेशंट आले आणि किती रोख जमली याचा पक्का आकडा कॉम्प्युटरमध्ये पडावा असं सगळ्यांनाच वाटतं असं नाही. हे तुमच्या ॲपनं सुटणार नाही, ते तुमच्या सीएला विचारा.

तुम्ही एक सोमवार माझ्या किंवा कुणाच्याही ओपीडीत स्टुलावर बसा, लॅपटॉप न उघडता. ते जे तिघं वापरतायत ना, त्यांच्याकडे आधी जा, कारण माझी पैज आहे की त्यांच्याकडे टाइप करायला दुसरं कुणीतरी बसलेलं आहे.

प्रश्न: स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमच्या कोल्हापुरात सोनोग्राफी मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायचं ठरलं तेव्हा डॉक्टर मंडळी कोर्टात गेली होती. लपवायचं काही नसेल तर विरोध कशाला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: राग कसला, प्रश्न बरोबर जागी लागलाय. नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. म्हणून जिल्हा प्रशासनानं सोनोग्राफी मशीनला एक यंत्र जोडायला लावलं, जे तपासणीचं चित्रण साठवून ठेवतं. रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई हायकोर्टात गेली, म्हणाली की बायकांच्या खाजगीपणाचा भंग होतो. ऑगस्ट २०११ मध्ये कोर्टानं ते मानलं नाही. माझं मत विचाराल तर कोर्ट बरोबर होतं. ज्या जिल्ह्यात मुली अशा गायब होतात तिथं डॉक्टरांनी खाजगीपणाची ढाल पुढे करणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आणि मित्रांशी यावरून वाद पण झालेत.

पण दुसरी बाजूही ऐका. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याखाली एफ फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना रिकामा राहिला तर ती नुसती कारकुनी चूक धरायची नाही, गुन्हाच, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये पक्कं केलं. त्यामागचं कारण बरोबर आहे, कारण खोटेपणा करणारे नेमके तेच रकाने मोकळे सोडायचे. तरी झालं काय, की आमच्या एका अख्ख्या पिढीच्या दवाखान्यात सरकारी कॉम्प्युटर पहिल्यांदा आला तो इन्स्पेक्टरचं बोट धरून आला. त्यामुळे आज कुठलंही पोर्टल म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात पहिला प्रश्न 'पेशंटला फायदा काय' हा येतच नाही, 'यात चुकलं तर मला काय होईल' हा येतो.

टीबीचं बघा. खाजगी डॉक्टरनंही टीबीचा पेशंट कळवायलाच हवा हे २०१२ पासून आहे, त्यासाठी निक्षय पोर्टल आहे, २०१८ पासून न कळवणाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे. तरी डॉक्टर टाळतात. प्रत्येक वेळी आळसच असतो असं नाही, पेशंटची आई हात जोडते, "नाव घालू नका हो, पोरीचं लग्न ठरायचंय." मी घालतो. कारण नाव घातल्यावर त्या पोरीच्या खात्यात खुराकाचे पैसे येतात, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, आणि गोळ्या सरकारी. डॉक्टरलाही कळवल्याबद्दल ५०० रुपये मिळतात. पण त्या आईसमोर बसून हे समजवायला अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासाचा रकाना पोर्टलमध्ये नाही.

प्रश्न: सादर प्रणाम. मी निवृत्त शिक्षक. जिल्हा रुग्णालयात केस पेपर काढताना मोबाइलवर कोड स्कॅन करायला सांगितला आणि माझं आभा खातं निघालं. आमच्या फॅमिली डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, "गुरुजी, याच्या नादी लागू नका." कोणाचं ऐकावं? (चिपळूण)

उत्तर: गुरुजी, दोघांचंही थोडं थोडं ऐका. आभा म्हणजे १४ आकडी नंबर, तुमच्या आरोग्याच्या कागदपत्रांची किल्ली म्हणा. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा झाली, आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत करून बघितलं, २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर. सक्ती नाही. रिपोर्ट एका ठिकाणी दिल्लीत गोळा होतात अशी समजूत आहे, तसं नाहीये, रिपोर्ट ज्या त्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्येच राहतात, तुम्ही मोबाइलवर परवानगी दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतात, परवानगी काढूनही घेता येते. कोडमुळे सरकारी हॉस्पिटलात केस पेपरची रांग वाचते हे तर तुम्ही बघितलंच.

मग तुमचे डॉक्टर का नको म्हणतात? त्यांच्याकडे रेकॉर्ड कागदावर आहे, ते जोडायला सॉफ्टवेअर हवं, माणूस हवा, नेट हवं, आणि हे सगळं करून त्यांच्या एका पेशंटचा जुना रिपोर्ट दिसायचा तर समोरच्या हॉस्पिटलानंही जोडलेलं हवं. पहिला जो जोडतो त्याला खर्च, फायदा शंभराव्याला. शिवाय २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, सर्व्हर बंद, दोन आठवड्यांच्या आसपास काम हातानं चाललं होतं. देशातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलाचं हे, तर आमच्या दोन खोल्यांच्या दवाखान्याचं काय, असं डॉक्टरांच्या डोक्यात येतंच.

खातं असू द्या, त्रास काही नाही. ओटीपी कुणाला सांगू नका, अगदी काउंटरवरच्या ओळखीच्या मुलालासुद्धा, तो तुमचा विद्यार्थी असला तरी. आणि प्लास्टिकची ती जुनी फाइल आहे ना, ती मात्र फेकू नका.

प्रश्न: डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. टाइप केलेली चिठ्ठी मागायचा हक्क आहे का?

उत्तर: टाइपच हवी असा नियम नाही. औषधांची नावं वाचता येतील अशी आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत असं मेडिकल कौन्सिलच्या नियमात २०१६ पासून आहे. बिनधास्त मागा. ॲडमिट असाल तर रेकॉर्डची कॉपी मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवी, हाही नियमच आहे, अर्ज लेखी द्या.

प्रश्न: माझी मावशी रत्नागिरीजवळ एकटी राहते. तिचे डॉक्टर व्हिडिओ कॉलवर औषध द्यायला तयारच होत नाहीत, म्हणतात घेऊन या. मी दुबईहून कशी घेऊन येऊ? कोविडमध्ये तर सगळे देत होते!

उत्तर: ताई, तुमचे डॉक्टर रत्नागिरीचे आहेत म्हणून तर हे जास्तच समजू शकतो. २०१८ मध्ये तिथल्याच एका प्रकरणात, बाळंतिणीला न बघता फोनवरून औषधं सांगितली आणि ती दगावली असा आरोप होता, मुंबई हायकोर्टानं डॉक्टर नवरा-बायकोला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर कोकणातच नाही, राज्यभर डॉक्टर फोनवर 'क्रोसिन घ्या' म्हणायलाही कचरायला लागले. मग २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या अगदी तोंडावर, टेलिमेडिसिनचे नियम आले. त्यात परवानगी आहे, पण फोनवर भागतंय की समोर बघायला हवं हे ठरवायचा अधिकार डॉक्टरचा. पहिल्यांदाच बोलत असतील तर बरीच औषधं व्हिडिओवर बघूनच देता येतात, आणि काही झोपेच्या वगैरे गोळ्या अशा आहेत की त्या फोनवर द्यायच्याच नाहीत.

मधला मार्ग सांगतो. मावशींना एकदा कुणासोबत तरी समोर दाखवून आणा, बीपी-शुगर-ईसीजी होऊ द्या. मग डॉक्टरांना विचारा की चालू गोळ्यांसाठी दर महिन्याला व्हिडिओ चालेल का, आणि फी आधीच पाठवा. फीचं मुद्दाम लिहिलं, कारण 'फोनवर विचारलं तर काय बिघडलं' म्हणणारे फुकट विचारतात आणि जबाबदारी मात्र पूर्ण टाकतात.

प्रश्न: सर, मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात रेसिडेंट सर्रास एआयला विचारतात, डिस्चार्ज कार्डपण त्यावर करतात. आमचे एक सीनियर सर बघितलं की ओरडतात, "डोकं गहाण ठेवलंय का?" कोण बरोबर?

उत्तर: बेटा, तुझे सर बरोबर आहेत, पण ओरडून काही होत नाही, छत्तीस तास ड्युटी केलेलं पोरगं रात्री तीनला डिस्चार्ज कार्ड लिहायला मिळेल तो आधार घेणारच. मी तर घेतला असता. फक्त पेशंटचं नाव, नंबर, फोटो त्यात टाकायचा नाही, आणि खाली सही तुझी आहे हे विसरायचं नाही. मशीननं सावध केलं की माणूस सावध होतो असंही समजू नकोस. औषधांच्या धोक्याच्या सूचना कॉम्प्युटरवर येतात ना, २००६ मध्ये त्यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर न मानता पुढे जातात असं दिसलं. येणाऱ्या बहुतेक फालतू असतात, मग कामाचीही त्यात वाहून जाते. आमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या अलार्मसारखं, वाजला तर कुणी खिडकीत येत नाही.

मी मागच्या महिन्यात पुतण्याच्या आग्रहावरून डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून आपोआप लिहिणारं एआयचं ॲप वापरून बघितलं. पेशंटला विचारून, टेबलावर मोबाइल ठेवला. बाई साठीच्या, म्हणाल्या, "जिभंला चव न्हाई, पोटात नुसतं कालवतंय." मी दिसेल तसं तपासलं, मग स्क्रीन बघितला तर जेवणाच्या रकान्यात व्यवस्थित लिहिलेलं, 'आहारात कालवण.' हसू आलं, पण म्हटलं विचारू तरी, हातानं लिहिताना हा प्रश्न मी कदाचित विचारलाच नसता. "आक्का, जेवणात काय काय घेताय?" तर म्हणाल्या, "कालवण कुठलं डॉक्टर, सून गेल्यापासनं चूलच पेटवत न्हाई मी." सून गेली म्हणजे माहेरी की काय, तेही मग विचारावं लागलं. मुंबईला गेली होती, मुलाकडे, तीन महिने झाले. केस पेपर ओढला आणि तेवढं हातानं लिहिलं.